गाजराचा प्रसाद

रोह्यातल्या ज्या शाळेत मी प्रयोगशाळा सहायक आहे, तिथल्या शिक्षकदालनात मधल्या सुट्टीत दोन डबे असे उघडतात की ज्यांतून पोळीभाजीच्या आधी गाजराच्या कापट्या निघतात. त्या चावताना डब्यांच्या मालकीण असलेल्या दोघी बाईंच्या चेहऱ्यावर एकादशी पाळल्याचं पुण्य पसरतं. "अँटिऑक्सिडंट्स असतात यात," हे वाक्य आठवड्यातून चारदा ऐकायला मिळतं. ते नेमकं काय करतात, असं मी एकदा विचारलं. "फ्री रॅडिकल्स मारतात." आणि फ्री रॅडिकल्स म्हणजे काय? "ते वाईट असतात." या दोघींपैकी एक नववीला विज्ञान शिकवते.

मी पुढे काही बोलत नाही. मला सांगता येण्यासारखं पुष्कळ आहे, कारण पेणजवळच्या जोहे गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन हिवाळे मी गाजरांकडून हेच अँटिऑक्सिडंट वाढवून घेण्याचं काम केलं आहे. पण गाजराबद्दल मत द्यायचा माझा हक्क तिथेच संपला, आणि तो कसा संपला हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शेड आमच्या सरांची. पेणच्या कॉलेजात त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर घरी स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी उद्योग काढला. त्यांचं घराणं जमीनदारांचं. आमचंही तसंच. अशा घरांचं आमच्या भागात एक ठरून गेलेलं आहे: जमीन होती तेव्हा ती दुसऱ्यांनी कसली, आणि गेल्यावर आम्ही मास्तर झालो. चिखलात पाय कधी घातला नाही, तरी शेतकऱ्याचं कुठे चुकतं यावर आमच्यातला कुणीही तासभर बोलू शकतो. सरांच्या वाटणीला जोह्यातला एक तुकडा उरला होता. त्यावर आधी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना भाड्याने होता. तो माणूस मोठ्या जागेत गेला आणि मागे पत्र्याची शेड, कोपऱ्याकोपऱ्यांत प्लास्टरची भुकटी आणि एक वीतभर उंचीची न खपलेली मूर्ती ठेवून गेला. सरांनी शेड धुऊन घेतली, भिंतींना पांढऱ्या फरश्या लावल्या, मूर्ती देव्हाऱ्यात बसवली आणि कापलेल्या भाज्या डब्यांत भरून मुंबईला पाठवायला सुरुवात केली.

मुंबईच्या लोकांना गाजर कापायला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. पण कापलेलं गाजर डबे भरभरून विकणारे छप्पन्न निघाले होते. सरांना काहीतरी शास्त्रीय हवं होतं. त्यांनी इंटरनेटवरून काही शोधनिबंध छापून आणले, स्टेपल केले, लाल पेनाने खुणा केल्या आणि मला फोन केला. मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कंपनीतलं लॅबचं कंत्राट संपून घरात बसले होते. शिफ्टची सवय असल्यामुळे पहाटे जाग यायची आणि मग दिवसभर काय करायचं हा प्रश्न असायचा. सर म्हणाले, "तू क्वालिटी बघ." मी दुसऱ्याच दिवशी पेणची गाडी धरली.

कल्पना वाईट नव्हती, हे कबूल करते. कापलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेते, आणि जखम झाली हे तिला समजतं. जखमेतून काही आत शिरू नये म्हणून ती स्वतःच्या संरक्षणाची द्रव्यं बनवते. त्यांतली बरीचशी फिनॉल जातीची असतात, आणि आमच्या बाई मधल्या सुट्टीत ज्यांचा जप करतात ती हीच. झाडाची स्वतःची संप्रेरकं असतात, धोक्याची बातमी पेशीपेशीला पोचवणारी. ती बाहेरून दिली तर कापलेलं गाजर दुप्पट घाबरतं आणि संरक्षणाची तयारीही जास्त करतं. म्हणजे आधी कापायचं, मग भिववायचं, मग थंड करून डब्यात भरायचं आणि वर लिहायचं ‘आरोग्यवर्धित’.

पहिल्या हिवाळ्यात सरांनी जस्मोनेट या अशाच एका संप्रेरकाची चिमुकली बाटली मागवली. कापट्या झाकणाच्या मोठ्या डब्यांत घालायच्या, कागदाच्या पट्टीवर त्या तेलाचे मोजून थेंब टाकून पट्टी आत टांगायची, एक दिवस तसंच ठेवायचं. वास चमेलीचा. पहिल्या दिवशी डबा उघडला तेव्हा कापणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "कुनाचं लगीन हाय गो?" आणि सगळ्या हसल्या. मी गाजराचा अर्क काढून त्यात पिवळं रसायन घालत असे. मग थोडा सोडा घातला की नळीतलं पाणी निळं होतं, आणि निळा जितका गडद तितके फिनॉल जास्त. कॉलेजातून मोडीत काढलेलं एक यंत्र सरांनी आणलं होतं, ते निळ्याचा आकडा सांगायचं. आकडा चढला. सर इतके खूश झाले की त्या आठवड्यात ते माझ्याशी इंग्रजीत बोलले.

कापणाऱ्या आठजणी होत्या. बहुतेक खाडीकडच्या गावांतल्या, मिठागरात नाहीतर भातशेतीत राबलेल्या. टेबलाच्या टोकाला जी उभी असे तिला सगळ्या काकी म्हणत, म्हणून मीही म्हणे. पन्नाशीची, ठेंगणी, हात लोखंडासारखे. तिच्या सासरची मिठागरं होती, पण बांध फुटला तो कुणी बांधला नाही आणि मीठ बंद झालं. नवरा छातीच्या दुखण्याने अंथरुणावर. घरात येणारा पगार तेवढा हिचाच, हे शेडमधल्या प्रत्येकीला माहीत होतं. सरांनाही.

काकीला कागदावरचं काही वाचता येत नसे, पण सुरी बोथट झाली की ती मला दोन टेबलांवरून सांगायची. बोथट सुरीने गाजर चिरत नाही, चुरडतं, आणि दुसऱ्या दिवशी कापटीवर पांढुरका थर येतो. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं, तिला नुसतं बघून. तिची एक खोड होती. प्रत्येक टबातली एक कापटी ती तोंडात टाकायची. चावायची, क्षणभर थांबायची, मग मान हलवून टब पुढे सारायची. तिचा सासरा मिठागरात आटत आलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा म्हणे. शेवटी उरतं ते पाणी वेळेवर सोडून दिलं नाही तर ढीगच्या ढीग मीठ कडवट होतं, आणि ती वेळ घड्याळात नसते, जिभेवर असते. सासऱ्यानंतर ते काम तिच्याकडे आलं होतं.

"चाखल्याबिगर माल पुढं कसा सारायचा, बाय?" ती मला म्हणाली होती.

भिंतीवर पाटी होती: कामाच्या जागी तोंडात काहीही घालू नये. पाटी बरोबर होती, आणि मी तिला तसं सांगितलंही. पण खरं सांगायचं तर माझा आक्षेप आरोग्याचा नव्हता. मला ते बघून शिसारी यायची. आमच्या घरी स्वयंपाक करताना चाखत नाहीत. देवाला दाखवण्याआधी जिभेला लागलं तर ते उष्टं. माझी आई नुसत्या वासावरून आमटीत मीठ आहे की नाही सांगते, असं सगळं गोत अभिमानाने सांगायचं. ती आमटी कितीदा अळणी असे, हे मात्र कुणी कधी सांगितलं नाही. पानात वाढलेल्याला नावं ठेवायची नाहीत, हा पुढचा नियम होता. मी अशा घरात वाढले आणि क्वालिटी बघायला बसले. दोन हिवाळ्यांत शेकडो नमुने वाटून, गाळून, निळे करून बघितले, आणि त्यातली एक कापटीसुद्धा मी तोंडात टाकली नव्हती. ही गोष्ट मला तेव्हा शिस्तीची वाटायची.

दुसऱ्या हिवाळ्यात बाटली संपली. दुसरी मागवायला सरांच्या जिवावर आलं. त्यांनी स्टेपल केलेले कागद पुन्हा काढले आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन जाहीर केलं, "इथिलीनही संप्रेरकच आहे."

त्यांच्या मेहुण्याची पेणच्या बाजारामागे केळी पिकवायची खोली होती. कच्चे घड आत ठेवायचे, इथिलीन वायू सोडायचा, दार बंद. सर म्हणाले, बाजारात तयार बसलेलं संप्रेरक सोडून परदेशी अत्तर कशाला आणायचं? हे सांगताना ते अण्वस्त्राचं गुपित फोडत असल्यासारखे खाली वाकले होते. मग काय, गाजराच्या कापट्यांचे टब टेम्पोत घालून केळ्यांच्या खोलीत, तीन दिवस तिथे, परत जोह्यात. तिथे हवेत इथिलीन किती, खोलीची ऊब किती, हे कुणी मोजलं नाही. मेहुण्यांना मोजायची गरज पडत नसे, कारण केळं पिवळं झालं की त्यांना दिसायचं. गाजर आधीपासूनच केशरी.

नमुना आला. मी अर्क काढला, पिवळं घातलं, सोडा घातला. नळी इतकी गडद निळी झाली की मला वाटलं माझ्याच हातून काही चुकलं. पुन्हा केलं, तेच. सरांनी यंत्राची काच पुसून आकडा तीनदा बघितला. जस्मोनेटपेक्षाही पुढे. "बघ," ते म्हणाले, "घरचं ते घरचं." त्याच आठवड्यात त्यांनी मुंबईच्या मोठ्या ऑफिसांना जेवण पुरवणाऱ्या एका माणसाशी बोलणं पक्कं केलं. पहिला लॉट पसंत पडला तर रोजची मागणी. सरांनी दिवस ठरवला माघी चतुर्थीचा, गणपतीला नैवेद्य दाखवून पहिली गाडी निघेल म्हणाले. शास्त्रज्ञ होते ते, पण मुहूर्ताशिवाय टेम्पोसुद्धा सुरू करत नसत.

त्या सकाळी मी निडी स्टेशन सुटेपर्यंत गाडीत डुलक्या काढल्या आणि पेणला उतरून बसने जोह्याला पोचले. शेड धुऊन काढली होती. देव्हाऱ्याला झेंडूची माळ. सर धोतरात, वर जाकीट. टब आदल्या संध्याकाळीच केळ्यांच्या खोलीतून आले होते आणि थंड खोलीत होते. बायका टोप्या घालून डबे भरायला उभ्या राहिल्या. पहिला टब काकीपुढे आला आणि तिने नेहमीसारखी एक कापटी उचलून तोंडात टाकली.

मी बघत होते. ती चावली, थांबली, आणि मान हलवली नाही. दुसऱ्या टबातली एक घेतली. मग तिने ओट्यापाशी जाऊन चूळ भरली.

"सर, ही कडू हाय," ती म्हणाली. "पाठवू नका."

सरांनी देव्हाऱ्यापाशी उदबत्ती लावायची थांबवली. त्यांना कडू हा शब्द ऐकूच गेला नाही, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी बघितलं ते एवढंच, की नैवेद्य निघायच्या आधी हिने त्यात तोंड घातलं.

"उष्टं केलंस," ते म्हणाले. "चतुर्थीच्या दिवशी. सगळा टब उष्टा केलास."

"व्हय, खाल्ली. खाल्ली म्हनून कललं. तुमी चाखून तरी बघा."

"आधी नैवेद्य. देवाच्या आधी मी चाखू?"

"मग बायला चाखू द्या."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात लॉटचा कागद होता, आकडा लिहिलेला. मी म्हणाले की रिपोर्ट उत्तम आला आहे, आतापर्यंतचा सगळ्यात चांगला. हे खरंच होतं. काकी म्हणाली, "जिभेला कलतं ते कागदाला कलत नाय, बाय." मला त्याचा राग आला. सही करायला जिला अंगठा लागतो ती मला कागद शिकवणार, असं काहीसं माझ्या मनात आलं होतं. नेमके शब्द आठवत नाहीत असं म्हणायची सोय आहे, पण आठवतात.

सरांनी मला बाजूला बोलावलं. नियम मोडला आहे, पाटीसमोर मोडला आहे, लिहून काढ. मी लिहून काढलं. माझं अक्षर चांगलं आहे. ‘उत्पादनास तोंड लावल्याने अन्नसुरक्षेच्या नियमांचा भंग.’ कडूपणाचा उल्लेख केला नाही, कारण तो विषय नव्हता. सरांनी काकीला टोपी काढून बाहेर बसायला सांगितलं. हिशेब नंतर होईल, टेबलावर परत यायचं नाही. तिने टोपी काढली, पिशवी घेतली आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. उरलेल्या सातजणी खाली बघून डबे भरू लागल्या. उष्टे झालेले दोन टब सरांनी मागे ठेवायला लावले आणि देवासाठी थंड खोलीतला न उघडलेला टब आणवला. जणू कडूपणा काकीच्या तोंडातून टबात गेला होता.

आरती झाली. सरांनी ताटलीतल्या कापट्यांभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून हात जोडले. मग ताटली माझ्या हातात दिली. प्रसाद वाट म्हणाले.

आता प्रसाद म्हटल्यावर कुणाला नाही म्हणता येत नाही. सातही जणींनी उजवा हात पुढे केला, कापटी कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. सरांनी दोन घेतल्या. मी शेवटी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी आमच्या शेडमधलं गाजर चावलं.

कडू म्हणजे कारल्यासारखं कडू नाही. कारलं सुरुवातीलाच सांगून टाकतं. हे आधी गाजरासारखं गोड लागलं, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी औषधी, जुन्या साबणासारखं चढत गेलं आणि तिथेच बसलं. मी सरांकडे बघितलं. त्यांचा जबडा थांबला होता. गळ्याची घाटी वरखाली झाली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते उदबत्तीनेही येतं. मूग गिळून बसणारी माणसं मी खूप बघितली आहेत, आमचं गोतच तसलं, पण गाजर गिळून बसलेला प्राध्यापक तेव्हाच बघितला. एकीने भिंतीकडे तोंड वळवलं. दुसरी पदर तोंडाला लावून उभी राहिली. कुणी थुंकलं नाही. प्रसाद थुंकत नाहीत आणि प्रसादाला नावंही ठेवत नाहीत.

"वा," सर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वेगळीच चव आहे."

ताटलीत दोन कापट्या उरल्या होत्या. सरांनी मानेने दाराकडे खूण केली. कामावरून काढलेल्या बाईलाही चतुर्थीच्या दिवशी प्रसादाविना पाठवू नये, इतकी माणुसकी त्यांच्यात होती. मी ताटली घेऊन पायरीपाशी गेले. काकीने दोन्ही हात पुढे केले, कापटी कपाळाला लावली आणि खाल्ली. ती कशी आहे हे तिला माहीत असून तिने ती पुरी चावून खाल्ली. मग माझ्याकडे बघून विचारलं,

"बाय, तुमी खाल्लीत?"

"खाल्ली."

"कशी लागली?"

सर माझ्या मागे दारात येऊन उभे होते, मला त्यांच्या जाकिटाची कड दिसत होती. सातजणी आत हात थांबवून ऐकत होत्या. मी कडू म्हटलं असतं तर तो लॉट गेला नसता आणि काकी टोपी घालून टेबलाच्या टोकाला परत उभी राहिली असती. इतकं सोपं होतं. ती माझ्यापुढे हात जोडून काही मागत नव्हती, एका शब्दात उत्तर येईल असा प्रश्न विचारत होती, आणि ते उत्तर त्या क्षणी माझ्या जिभेवर चिकटलेलं होतं.

"छान आहे," मी म्हणाले.

तिने चपला घातल्या आणि बसच्या रस्त्याला लागली. मी आत जाऊन लॉटच्या कागदावर सही केली. चव या रकान्यात मी ‘समाधानकारक’ लिहिलं.

माल दोन दिवसांत परत आला. मुंबईच्या त्या माणसाने निरोप पाठवला होता की ऑफिसातल्या लोकांनी पहिला घास घेऊन डबे बाजूला सारले, कुणीतरी साबणाचं पाणी राहिलं का म्हणून विचारलं. सर म्हणाले की ग्राहक अजून प्रशिक्षित नाही. मग म्हणाले की वाहतुकीत तापलं असेल. मग म्हणाले की आरोग्याला हितकर ते जिभेला कडूच असतं, औषध नाही का. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली, असं आपल्यात म्हणतात. सरांनी अशी पुंगी बनवली की ती मोडूनही खाता येईना, आणि तरी ते फुंकर मारत राहिले.

त्या आठवड्यात मी त्यांचे ते स्टेपल केलेले कागद घरी नेऊन पहिल्यांदा सगळे वाचले. गाजराला इथिलीन लागला की ते कडू होतं. हे काही गुपित नव्हतं, तिथेच लिहिलं होतं, सरांच्या लाल खुणेच्या खालच्या परिच्छेदात. गाजर स्वतःच्या बचावासाठी जे कडू द्रव्य बनवतं ते फिनॉल जातीचंच. म्हणून माझी नळी एवढी गडद झाली होती. मी ज्याला आरोग्याचा आकडा म्हणून मिरवत होते त्यातला मोठा भाग काकीने चूळ भरून टाकला तो कडूपणा होता. निळा रंग फिनॉल किती हे सांगतो, कोणते हे सांगत नाही. रसायनशास्त्राची पदवी असलेली दोन माणसं हे विसरली, आणि मिठागरातली एक बाई हे मिठाच्या शेवटच्या पाण्यावरून ओळखत होती.

मी सरांना तो परिच्छेद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "हं. हे नंतर बघू." काकीला परत बोलवायचं का, असंही मी विचारलं. एकदाच, आणि चहा पिता पिता. ते म्हणाले, ती कुठेतरी लागली असेल. मी बरं म्हणाले. तिचं गाव मला माहीत होतं, पेणहून रिक्षा जाते तिथे. मी गेले नाही. शेडमधल्या सातजणी त्यानंतर मला बाय म्हणेनाशा झाल्या, मॅडम म्हणू लागल्या. पावसाळ्याआधी शेड बंद पडली. आता तिथे पुन्हा मूर्तींचा कारखाना आहे आणि सर पेणला एका मंडळात विज्ञान आणि परंपरा या विषयावर बोलतात. लोक टाळ्या वाजवतात म्हणे.

सर म्हणजे नाकाने कांदे सोलणारे, असं म्हणत मी हे सगळं इतकी वर्षं मनात घोळवलं. त्यांच्यावर हसायला पुष्कळ सामान आहे आणि ते मी सोडत नाही. पण त्यांना चाखायची सोय नव्हती, देव मध्ये होता. प्रसाद खाल्ल्यावर त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं ते मला.

या हिवाळ्यात एका लग्नासाठी पेणला गेले होते. बाजारात वाल घ्यावेत म्हणून वळले, तर कोपऱ्यावर ती बसलेली. पुढे सोललेल्या वालाचा ढीग, पांढरे कांदे, आणि ओल्या फडक्यावर गाजरं. एक गाजर विळीवर कापून त्याच्या चकत्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला ठेवलेल्या. केस पिकले होते. मी ओळख द्यावी की नाही या विचारात उभी राहिले, तेवढ्यात तिनेच वर बघितलं. ओळखलं हे लगेच समजलं.

"नवरा कसा आहे?" मी विचारलं.

"गेला," ती म्हणाली. "त्याच पावसाल्यात."

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, त्या दिवसाबद्दल, की मला तेव्हा सांगायला हवं होतं. वाक्य अर्धंच झालं. तिने विळीजवळची एक चकती उचलून माझ्यापुढे धरली.

"चाखा. मग घ्या."

मी चावली. गोड होती, थंडीतलं गाजर असतं तशी, मागे काहीही न उरणारी. माझ्या शेजारी एक बाई येऊन उभी राहिली होती, हातात कापडी पिशवी. तिने गाजरांकडे बघितलं आणि माझं तोंड हलताना बघून मलाच विचारलं, "गोड हायत का गो?"

मी उत्तर द्यायला घास गिळला, पण काकी माझ्या आधी बोलली. आवाज चढवला नाही, वर बघितलंही नाही, गाजरं नीट रचत राहिली.

"तिला नको इचारू," ती म्हणाली. "तिला समदं छानच लागतं. तू सोता खा."

त्या बाईने चकती उचलली आणि तोंडात टाकली. मी पिशवी उघडून धरली आणि वाल मागितले.